मंगळवारी प्रिंट निघत नाही: लिनक्सवरचा बग शोधायचा कसा आणि कळवायचा कसा

लिनक्स वापरणाऱ्या मंडळींमध्ये एक बग फार प्रसिद्ध आहे. २००८-०९ च्या सुमारास उबुंटूच्या बग-नोंदींमध्ये एका वापरकर्त्याने लिहिलं, की त्याच्या बायकोची तक्रार आहे: ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट निघत नाही. बाकीच्या दिवशी निघते, मंगळवारी नाही. ऐकणारा हसेल, नाही का? प्रिंटरला वार कसा कळणार?

पण तक्रार शंभर टक्के खरी होती. लिनक्सवर 'फाइल' नावाचीच एक जुनी कमांड आहे. तिला कुठलीही फाइल दिली, की ती आतली काही अक्षरं बघून सांगते: हे चित्र आहे, ही पीडीएफ आहे, हा साधा मजकूर आहे. हे ओळखण्याचे नियम एका लांबलचक यादीत असतात. त्या यादीत अर्लांग या प्रोग्रामिंग भाषेच्या एका जुन्या फाइलप्रकारासाठी एक नियम होता. त्यात १९९१ सालची एक तारीख जुळवून बघायची होती आणि ती तारीख होती मंगळवारची. प्रत्यक्षात मात्र पूर्ण तारखेऐवजी, मंगळवारच्या इंग्रजी नावातली 'ट्यू' एवढी पहिली तीन अक्षरं ठरावीक जागी सापडली, की नियम जुळला असं धरलं जात होतं. आता ओपनऑफिस प्रिंटसाठी जी पोस्टस्क्रिप्ट फाइल बनवायचं, तिच्या सुरुवातीला ती कधी तयार झाली याची तारीख असायची, वारासकट. मंगळवारी 'ट्यू' बरोबर त्या जागी यायचं. छपाईच्या साखळीतल्या एका पायरीला वाटायचं, की ही पोस्टस्क्रिप्ट नव्हेच, हे काहीतरी अर्लांगचं आहे. प्रिंट गायब!

आता बघा, दोष ओपनऑफिसचा नव्हता आणि प्रिंटरचाही नव्हता. तक्रार करणाऱ्या बाईंना यातलं काहीच माहीत असायची गरज नव्हती. त्यांनी फक्त एक गोष्ट अचूक टिपली: बिघाड कधी होतो आणि कधी होत नाही. तेवढ्यावर पुढचा सगळा शोध उभा राहिला. कारण 'मंगळवारी निघत नाही' हे विधान तपासता येतं. संगणकाची तारीख पुढेमागे करून कुणीही ते खरं की खोटं ते ठरवू शकतं. 'प्रिंट कधीकधी निघत नाही' हे मात्र तपासता येत नाही.

आजच्या लेखात मला एवढंच पटवून द्यायचं आहे. चांगला बग-रिपोर्ट लिहायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही, प्रयोग करता यावा लागतो. आणि आपण मराठी लिहिणाऱ्यांनी तो का करायलाच हवा, त्याचंही एक कारण आहे. ते जरा पुढे.

संशोधन काय सांगतं?

'चांगला बग-रिपोर्ट म्हणजे काय?' या प्रश्नावर सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये रीतसर संशोधन झालेलं आहे. २००८ मध्ये निकोलस बेटेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी अपाचे, एक्लिप्स आणि मोझिला या तीन मोठ्या प्रकल्पांतल्या डेव्हलपरना आणि बग कळवणाऱ्यांना प्रश्नावली पाठवली. ४६६ उत्तरं आली. डेव्हलपरना सगळ्यात उपयोगी वाटणाऱ्या तीन गोष्टी निघाल्या: बिघाड पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, प्रोग्राम कोसळला त्या क्षणी तो कुठल्या फंक्शनमध्ये होता याची यादी (हिला स्टॅक ट्रेस म्हणतात), आणि बिघाड दाखवणारं छोटं नमुना-उदाहरण. गंमत अशी, की लोकांना द्यायला सगळ्यात अवघड जाणाऱ्या गोष्टीही याच तीन!

म्हणजे लोक बेफिकीर असतात म्हणून रिपोर्ट वाईट होतात असं नाही. जे हवं असतं तेच काढणं कठीण असतं. पण त्यासाठी काही ठरलेल्या युक्त्या आहेत, त्या शिकता येतात. एकेक बघू.

डेस्कटॉप म्हणजे थरांची चळत

विंडोज किंवा मॅकवर बरंचसं सगळं एकाच कंपनीचं असतं. लिनक्सचा डेस्कटॉप तसा नाही. सगळ्यात खाली कर्नल. त्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर. त्यावर खिडक्या काढणारी व्यवस्था, म्हणजे वेलँड किंवा जुनं एक्स११. मग नोम किंवा केडीई. मग बटणं-मेनू पुरवणारं जीटीके किंवा क्यूटी. आणि सगळ्यात वर तुम्ही उघडलेला प्रोग्राम. शिवाय फॉन्ट शोधणारं फॉन्टकॉन्फिग, अक्षरं जुळवणारं हार्फबझ, कीबोर्ड सांभाळणारं आयबस हे वेगळेच. प्रत्येक थर वेगळी माणसं लिहितात. वर तुमचं डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे उबुंटू, फेडोरा, डेबियन वगैरे, हे सगळं एकत्र बांधून देताना स्वतःचे बदल करतं ते निराळंच.

त्यामुळे 'बिघाड दिसतो कुठे' आणि 'बिघाड आहे कुठे' हे दोन वेगळे प्रश्न होतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची रीत प्रयोगशाळेतलीच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं.

पहिला बदल, नवीन युजर. सेटिंग्जमध्ये जाऊन एक कोरं खातं उघडा आणि तिथे तेच करून बघा. बिघाड गेला, तर दोष तुमच्या जुन्या सेटिंग्जमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये असण्याची शक्यता मोठी. राहिला, तर तुमची सेटिंग्ज बहुधा निर्दोष. पाच मिनिटांचं काम आहे, पण अर्धा शोध इथेच संपतो. (सेटिंग्जचं फोल्डर डिलीट करू नका. करायचंच असेल तर त्याचं नाव बदला, म्हणजे परत आणता येतं आणि पुरावाही शिल्लक राहतो.)

दुसरा बदल, सत्र. लॉगिनच्या वेळी एक्स११ निवडायची सोय अजून असेल, तर वेलँडऐवजी ते निवडून बघा. स्क्रीन शेअर होत नाही, खिडकी चमकते, कर्सर अडकतो, अशा तक्रारींमध्ये हा फरक पुष्कळ काही सांगून जातो.

तिसरा बदल, प्रोग्राम आला कुठून. तोच प्रोग्राम डिस्ट्रिब्यूशनच्या पॅकेजमधून आणि फ्लॅटपॅकमधून असा दोन्हीकडून मिळत असेल, तर दोन्ही चालवून बघा. फ्लॅटपॅक स्वतःच्या लायब्ररी बऱ्याच प्रमाणात सोबत आणतं. एकात बिघडतं आणि दुसऱ्यात नाही, तर संशय प्रोग्रामवरून त्याच्या खालच्या लायब्ररींवर किंवा पॅकेज बांधण्याच्या पद्धतीवर सरकतो. मात्र दोन्हींची आवृत्ती एकच आहे ना, ते आधी बघा. नाहीतर एका वेळी दोन गोष्टी बदलल्यासारखं होईल.

चौथा बदल, लाइव्ह यूएसबी. पेन ड्राइव्हवरून दुसरंच डिस्ट्रिब्यूशन चालू करा, काही इन्स्टॉल न करता. तिथेही तोच प्रकार दिसला, तर दोष कर्नल, ड्रायव्हर किंवा हार्डवेअर यांच्या बाजूला असण्याची शक्यता वाढते.

या प्रत्येक प्रयोगाचा निकाल लिहून ठेवा. 'नवीन युजरमध्येही होतं' हे अर्ध्या ओळीचं वाक्य रिपोर्टमध्ये फार किमती असतं.

संगणकाची रोजनिशी

बहुतेक डिस्ट्रिब्यूशनवर 'जर्नलसीटीएल' ही कमांड असते. संगणक चालू झाल्यापासून कर्नल आणि बाकीच्या सेवा काय काय म्हणाल्या, ते ही कमांड दाखवते. मशीन अडकलं आणि बंद करून परत सुरू करावं लागलं, तर आत्ताचा लॉग बघून फारसं हाती लागत नाही. आधीच्या खेपेचा बघायचा. त्यासाठी कमांडपुढे 'मायनस बी' आणि मग 'मायनस वन' हे पर्याय द्यायचे. 'मायनस एफ' दिलं, तर लॉग जिवंत वाहताना दिसतो: एका खिडकीत लॉग, दुसरीत बिघाड घडवायचा, आणि त्याच सेकंदाला कुठली ओळ आली ती टिपायची.

इथे एक धोका आहे. लॉगमध्ये लाल अक्षरांतल्या ओळी नेहमीच असतात, ठणठणीत मशीनवरसुद्धा. एखादी भीतीदायक ओळ दिसली, की तीच गुन्हेगार असं मानायचा मोह होतो. म्हणून तुलना करा. बिघाड झाला तेव्हाचा लॉग आणि झाला नाही तेव्हाचा लॉग शेजारी-शेजारी ठेवा. दोन्हीकडे असलेली ओळ सोडून द्या. आमच्याकडे लॅबमध्ये याला कंट्रोल म्हणतात. त्याच्याशिवाय निरीक्षणाला अर्थ नसतो.

प्रोग्राम पटकन बंद पडत असेल, तर तो मेनूमधून न उघडता टर्मिनलमधून चालवा. जाता जाता तो जे पुटपुटतो ते तिथे दिसतं. कोसळलेल्या प्रोग्रामची नोंद बऱ्याच मशीनवर 'कोअरडंपसीटीएल' या कमांडने मिळते. वर सांगितलेला स्टॅक ट्रेस तिथून काढता येतो.

निम्मं-निम्मं करत जाणं

आता माझा सगळ्यात आवडता भाग. समजा, ४० पानांचा दस्तऐवज उघडला की एडिटर कोसळतो. डेव्हलपरला ४० पानं पाठवून उपयोग नाही, आणि त्यात तुमचं खासगी काही असेल तर पाठवताही येत नाही. मग काय करायचं?

मूळ फाइलची प्रत काढा. प्रतीतली शेवटची २० पानं उडवा. अजून कोसळतो? मग दोष उरलेल्या २० पानांत आहे. नाही कोसळत? मग दुसरी २० घ्या. असं निम्मं-निम्मं करत गेलं, तर जास्तीत जास्त सहा फेऱ्यांत तुम्ही एका पानावर येता. मग परिच्छेद, मग ओळ, मग शब्द.

कधीकधी कुठलाच निम्मा भाग एकटा बिघडवत नाही, कारण दोष दोन गोष्टी एकत्र आल्यावर होतो. समजा, तिसऱ्या पानावरची तळटीप आणि तिसाव्या पानावरचा तक्ता. तेव्हा अर्धी फाइल काढायची नाही. लहान तुकडे करायचे, एका वेळी एकच तुकडा काढायचा आणि बाकी ठेवायचं. काढूनही बिघाड राहिला, तर तो तुकडा कायमचा बाद. शेवटी असं काहीतरी उरतं, की त्यातलं काहीही काढलं तर बिघाडच नाहीसा होतो. तो तुमचा नमुना.

या रीतीला डेल्टा डिबगिंग म्हणतात. आंद्रेआस त्सेलर आणि राल्फ हिल्डेब्रांट यांनी २००२ च्या शोधनिबंधात ती संगणकाकडून आपोआप करवून घेतली. मोझिला ब्राउझर एका वेबपानावर कोसळत होता. त्या पानाच्या ८९६ ओळींमधून त्यांच्या प्रोग्रामने बिघाड घडवणारी एकच ओळ शिल्लक ठेवली. तसंच वापरकर्त्याच्या ९५ कृतींमधून फक्त ३ कृती. सगळ्याला मिळून १३९ चाचण्या आणि ३५ मिनिटं लागली, तीही ५०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर.

हीच युक्ती काळावरही चालते. 'काल चालत होतं, आज अपडेटनंतर चालत नाही' हे तर आपण सगळेच म्हणतो. मग कालच्या आणि आजच्या आवृत्तीमधली बरोबर मधली आवृत्ती घ्या आणि तपासा. चालली, तर दोष नंतरच्या निम्म्यात. नाही चालली, तर आधीच्या. लिनक्स कर्नलच्या एका नव्या आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. ऐकून घाम फुटतो, पण २ चा १४ वा घात १६,३८४ होतो. म्हणजे साधारण १४ चाचण्यांत नेमका एक बदल सापडतो. 'गिट बायसेक्ट' ही कमांड हेच काम करते. कर्नल बांधता येत नसेल, तरी डिस्ट्रिब्यूशनने ठेवलेली जुनी कर्नल मशीन सुरू होतानाच्या मेनूमधून निवडता येतात. तेवढ्यावरही 'अमुक आवृत्तीत ठीक, तमुकपासून बिघडलं' हे सांगता येतं.

आणि सापडलेला बदल केवढा असतो? त्सेलर यांनी १९९९ मध्ये ग्नूच्या डिबगरच्या दोन आवृत्त्यांमधल्या १,७८,००० बदललेल्या ओळी अशाच चाळल्या. दोषी निघालं एक छापील वाक्य! त्यात 'अर्ग्युमेंट्स' या शब्दाच्या जागी 'अर्ग्युमेंट लिस्ट' केलं होतं आणि ते वाक्य वाचून चालणारा दुसरा प्रोग्राम गोंधळला होता. एवढ्या ओळी डोळ्यांनी वाचून ते कुणाच्या लक्षात आलं असतं, सांगा बरं!

एक सावधगिरी मात्र हवी. काही बग दर वेळी दिसत नाहीत. समजा, एखादा १० पैकी सरासरी ३ वेळा दिसतो. तुम्ही पाचदा करून बघितलं आणि तो दिसला नाही, तर 'गेला' म्हणता येईल? ०.७ चा पाचवा घात काढा: सुमारे ०.१७. म्हणजे बग असूनही तो तुम्हाला न दिसण्याची शक्यता १७ टक्के. दहादा बघितलं तर ती ३ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून निम्मं-निम्मं करताना प्रत्येक टप्प्यावर पुरेशा वेळा तपासा. मध्ये एक टप्पा चुकला, तर पुढचे सगळे टप्पे चुकीच्या निम्म्यात जातात.

दर्या आणि दऱ्या

आता ते मराठीचं कारण. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावलं तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यांना' बोलावलं तर स्वयंपाक होईल. एका चिन्हाचा फरक, पण अर्थ पार बदलतो. आता समजा, एखाद्या प्रोग्राममध्ये 'दऱ्या' लिहिलं तरी 'दर्या' दिसतं. मराठी वाचणाऱ्याला ते लगेच खटकेल. पण तो प्रोग्राम लिहिणारी व्यक्ती मराठी वाचत असेलच असं नाही. तिच्यासाठी दोन्ही चित्रं सारखीच सुबक. तिची कुठलीही चाचणी हा बग पकडणार नाही, कारण काय दिसायला हवं हेच तिला ठाऊक नाही. ते फक्त आपल्याला ठाऊक आहे. आपण सांगितलं नाही, तर बग तसाच राहणार आणि पुढच्या आवृत्तीतही येणार.

इथे थर पुन्हा आठवा. अक्षर चुकीचं दिसतंय म्हणजे दोष नेमका कुठे? आधी फॉन्ट. तुम्ही निवडलेला फॉन्ट खरंच वापरला जातोय का? त्यात देवनागरी नसेल, तर फॉन्टकॉन्फिग गुपचूप दुसरा आणून लावतं. 'एफसी-मॅच' ही कमांड कुठला फॉन्ट पुढे येईल ते सांगते. मग अक्षरजुळणी. नोमचं पँगो, क्यूटी, लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम हे सगळे लिनक्सवर त्यासाठी हार्फबझ वापरतात. हार्फबझसोबत 'एचबी-व्ह्यू' नावाचं छोटं साधन मिळतं. त्याला फॉन्टची फाइल आणि शब्द दिला, की ते थेट चित्र काढून देतं. मधला प्रोग्राम वगळलाच. चित्र बरोबर आलं, तर फॉन्ट आणि हार्फबझ दोन्ही बहुधा सुटले आणि संशय प्रोग्रामवर. चित्रही चुकलं, तर फॉन्ट बदलून तेच पुन्हा करा. दुसऱ्या फॉन्टमध्ये बरोबर आलं, तर रिपोर्ट फॉन्ट बनवणाऱ्यांकडे.

मग साठवण. 'दऱ्या' मधलं ते अर्धं अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं. एक, ऱ हे वेगळं अक्षर (यू+०९३१) आणि त्याला हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं शून्य रुंदीचं जोडक (यू+२००डी). स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, पण आत वेगळे असतात. म्हणून एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर सापडेलच असं नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'जे' दाबलं की ऱ येतो. दुसऱ्या एखाद्या कीबोर्डवर दुसरा प्रकार येत असेल. रिपोर्टमध्ये नुसता शब्द देऊ नका, हे आकडेही द्या.

आणि प्रत्येक खटकणारी गोष्ट बग नसते, हेही बघा. मराठी वळणाचे ल आणि श काही फॉन्टमध्ये असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रामला सांगितलं तरच ते दिसतात. भाषा हिंदी ठेवली असेल, तर हिंदी वळण दिसणं बरोबरच आहे. भाषा मराठी करूनही फरक पडला नाही आणि त्या फॉन्टमध्ये मराठी वळण आहे याची खात्री असेल, तर मात्र तो कळवण्यासारखा बग.

रिपोर्ट लिहिताना

रिपोर्ट साध्या इंग्रजीत लिहिला तरी चालतो. भाषा सुबक नसली तरी हरकत नाही, मांडणी नेमकी हवी. 'लेखणी' नावाचा एक काल्पनिक एडिटर घेऊ. वाईट रिपोर्ट असा: 'मराठी नीट दिसत नाही. लवकर दुरुस्त करा.' आता चांगला:

शीर्षक: 'लेखणी' ३.२ मध्ये 'दऱ्या' हा शब्द 'दर्या' असा दिसतो (यू+०९३१ नंतर हलन्त आल्यास).

पायऱ्या: १. नवी रिकामी फाइल उघडा. २. फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी निवडा. ३. हा शब्द चिकटवा: दऱ्या (०९२६, ०९३१, ०९४डी, ०९२एफ, ०९३ई).

काय दिसलं: य वर रेफ. पहिला स्क्रीनशॉट बघा.

काय दिसायला हवं: य च्या डावीकडे आडवी, वळणदार छोटी रेघ. दुसरा स्क्रीनशॉट, त्याच मशीनवरच्या ब्राउझरमधला. हे दोन वेगळे शब्द आहेत: पहिल्याचा अर्थ समुद्र, दुसऱ्याचा दऱ्याखोरी.

किती वेळा: १० पैकी १०.

कधी होत नाही: 'लेखणी' ३.१ मध्ये होत नाही. त्याच फॉन्टने एचबी-व्ह्यूमध्ये होत नाही. नवीन युजरमध्ये मात्र होतं.

मशीन: डिस्ट्रिब्यूशन आणि आवृत्ती, डेस्कटॉप, वेलँड की एक्स११, पॅकेज कुठलं.

बघा, यात कुठेही 'मला वाटतं अमुकमुळे होत असेल' असं नाही. अंदाज लिहायचाच असेल तर शेवटी, वेगळा, 'अंदाज' असं म्हणून लिहा. मंगळवारच्या गोष्टीत कुणी 'प्रिंटर खराब आहे' असा अंदाज शीर्षकात लिहिला असता, तर शोध प्रिंटरपाशीच घुटमळला असता.

एका रिपोर्टमध्ये एकच बग लिहा. तीन असतील तर तीन रिपोर्ट, कारण ते बहुधा तीन वेगळ्या माणसांकडे जाणार असतात.

पाठवायचा कुठे, आणि पाठवल्यावर काय?

आधी शोधा. तोच बग कुणी नोंदवला असेल, तर तिथे 'मलाही' एवढंच लिहून थांबू नका. तुमच्या मशीनवर काय वेगळं आहे ते लिहा. दुबार रिपोर्टमध्येही पहिल्यात नसलेली उपयोगी माहिती असते, असं बेटेनबुर्ग यांच्याच आणखी एका अभ्यासात दिसलं. आपली माहिती वाया जाईल अशी भीती बाळगायचं कारण नाही.

दोष प्रोग्रामचाच आहे असं प्रयोगांवरून दिसलं, तर थेट मूळ प्रकल्पाकडे जा. नोमच्या नोंदी गिटलॅबवर असतात, केडीईच्या बगझिलावर. दोष एकाच डिस्ट्रिब्यूशनच्या पॅकेजमध्ये दिसला, तर त्यांच्याकडे. उबुंटूवर 'उबुंटू-बग', डेबियनवर 'रिपोर्टबग' या कमांड मशीनची माहिती स्वतःच गोळा करून देतात.

जोडण्याआधी लॉग एकदा वाचा. त्यात तुमचं युजरनेम, मशीनचं नाव, वाय-फायची नावं असू शकतात. ती पुसा. कोअर डंप तर जाहीरपणे टाकूच नका. त्या क्षणी मेमरीत असलेलं काहीही, पासवर्डसुद्धा, त्यात असू शकतं. आणि बग सुरक्षेचा असेल, म्हणजे त्याने दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरता येत असेल, तर उघड नोंद न करता प्रकल्पाच्या सुरक्षा-पत्त्यावर खासगीत कळवा.

मग थांबा. बरेच प्रकल्प स्वयंसेवक चालवतात. कधी महिनाभराने एकच प्रश्न येतो: नव्या आवृत्तीतही होतं का? त्याचं उत्तर द्या. तिथे उत्तर न दिल्यामुळे रिपोर्ट मरतात. फेडोराची एखादी आवृत्ती सुमारे १३ महिन्यांनी सेवेतून जाते, तेव्हा तिच्यावरचे उघडे बग आपोआप बंद होतात. असं झालं तर रागावू नका. नव्या आवृत्तीत तपासा, अजून होत असेल तर आवृत्तीचा आकडा बदलून रिपोर्ट पुन्हा उघडा.

शेवटी एक काम सांगते. रोज दिसणारा आणि आपण सवयीने सोडून दिलेला एक बग निवडा, शक्यतो मराठीशी संबंधित. नवीन युजर, दुसरा प्रोग्राम, दुसरा फॉन्ट, एवढ्या तीनच गोष्टी बदलून बघा आणि निकाल कागदावर लिहा. तासाभरात 'हे नीट चालत नाही' याचं 'असं केलं की असं होतं, आणि तसं केलं की होत नाही' असं वाक्य तयार होईल. ते झालं, की रिपोर्टचा अवघड भाग झाला. मग तो पाठवून द्या.